तेहतीस थांबे

शनिवारी सकाळी डार्ला स्टॉफरच्या घरी मक्याच्या लापशीच्या वड्या तळल्या जातात, आणि त्या तिचा नवरा विन तळतो. आठवड्याचे पाच दिवस पहाटे उठून शाळेची पिवळी बस काढणाऱ्या बाईने शनिवारी तव्याजवळ फिरकायचं नाही, हा त्याने घातलेला नियम. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारीही ती लोकरीचे मोजे चढवून, कॉफीचा मग छातीशी धरून टेबलापाशी बसली होती. दहा वाजता ऑर्डवे कॉलेजच्या मुलींना पोहण्याच्या स्पर्धेला न्यायचं होतं. तोवर तिला काही काम नव्हतं.

"कडा जळतायत," ती म्हणाली.

"कुरकुरीत होतायत. जळणं वेगळं."

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. मागच्या दाराने येणारी माणसं थाप मारत नाहीत, पायपुसण्यावर बूट आपटत सरळ आत येतात. विनने कालथा खाली ठेवला आणि दार उघडलं.

बाहेर बर्फात ऑर्डवेच्या पोहण्याच्या संघातली थिया ब्रँडल उभी होती. रात्रीच्या कपड्यांवर कोट, चेहरा धुतलेलाही नाही. डार्लाने मग खाली ठेवला. ही पोरगी वर्षभर तिच्याच बसमधून हिंडत होती, पण चढताना 'गुड मॉर्निंग' आणि उतरताना 'थँक्यू', यापलीकडे तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

"मिस डार्ला, आमच्या संघातली जोडी आहे ना, तिला रात्रीपासून उलट्या होतायत."

"अरे देवा. दवाखान्यात न्यायचंय का? थांब, किल्ली घेते."

"नको, आता झोपलीय ती." थियाने एकदा विनकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दुपारी माझी पाटी धरायला कोणी नाही."

विन तव्याकडे वळला आणि वळलेलाच राहिला.

ऑर्डवेचा संघ म्हणजे सगळ्या मिळून अकरा मुली. आठ कॉलेजांची ही स्पर्धा दर हिवाळ्यात चार दिवस चालते, आणि बाकीच्यांकडे पंचवीस-तीस जणी असतात, वर मदतनीस, मालिशवाल्या. ऑर्डवेकडे डार्ला. सोळा वर्षं ती त्यांची बस चालवत होती आणि तेवढीच वर्षं टॉवेलांच्या घड्या घालत होती, पाण्याच्या बाटल्या भरत होती, रडणाऱ्यांच्या वेण्या घालत होती. मैलाच्या शर्यतीत पाटीही तीच धरायची.

मैल म्हणजे तलावाच्या सहासष्ट फेऱ्या. पोहणारीला स्वतःला मोज ठेवता येत नाही, चाळिशीच्या पुढे डोक्याचं पीठ झालेलं असतं. म्हणून पलीकडच्या काठावर एकीने गुडघ्यांवर बसायचं आणि ती जवळ आली की आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून दाखवायची: एक, तीन, पाच, असं त्रेसष्टपर्यंत. पासष्टाव्या फेरीला आकडा नसतो. सगळी पाटी केशरी. म्हणजे आता एकच फेरी उरली, अंगात असेल नसेल ते ओत. पाटी चुकली तर पंच ऐकून घेत नाहीत. चूक पोहणारीचीच धरतात.

गेल्या वर्षी सर्वांत पुढच्या मुलीच्या शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तेव्हा नियमाप्रमाणे घंटा वाजली. थिया तिच्या दोन फेऱ्या मागे होती. पण घंटा कानावर पडली आणि डार्लाच्या हातांनी केशरी पाटी पाण्यात घातली. त्रेसष्टला. पोरगी जीव खाऊन परत गेली, चौसष्टाव्या फेरीला भिंतीला हात लावून थांबली, चष्मा वर केला, आणि तिला दिसलं की बाकीच्या अजून पोहतायत. पुन्हा निघेपर्यंत सहा सेकंद गेले. सोळाव्या नंबराला एक गुण असतो. तो गेला, आणि त्या एका गुणाने ऑर्डवे पुन्हा आठवी आली. आठांत आठवी.

त्या दिवसापासून डार्लाने पाटीला हात लावला नव्हता.

"कोच काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"कोच म्हणाल्या, कोणालाही विचार. मिस डार्ला सोडून."

विन खाकरला.

"मग कोणालाही विचार ना, पोरी."

"कोणाला विचारू? सगळ्या पुढच्या शर्यतीसाठी अंग गरम करत असणार. राहिली ती पहिल्या वर्षाची मुलगी. तिने पाटी कधी हातात धरलेली नाही. तुम्ही पंधरा वर्षांत एकदा चुकलात."

"एकदा. पण तुझ्यावर."

"हो," थिया म्हणाली. "माझ्यावर."

जाऊ दे, झालं गेलं, असलं काही ती म्हणाली नाही. डार्लाला ते बरं वाटलं.

"माझी ही शेवटची शर्यत आहे," थिया म्हणाली. "मे महिन्यात कॉलेज संपतं. पुढे मैल पोहायला मला कोण बोलावणार आहे?"

ती गेल्यावर विनने गॅस बंद केला. मग वड्या ताटलीत टाकत म्हणाला, "गेल्या वर्षी महिनाभर तू छताकडे बघत पडायचीस. मला नाही ते परत बघायचं. नाही म्हणून कळव."

"मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. पाटी मी धरते म्हणालीस. म्हणूनच सांगतोय."

विनला एक गोष्ट माहीत नव्हती, कारण ती डार्लाने कोणालाच सांगितली नव्हती. त्या चुकीनंतर रोज सकाळी बस चालवताना ती मनातल्या मनात पाट्या बुडवायची. तिच्या रस्त्यावर मुलांची एकतीस घरं होती आणि दोन रेल्वे फाटकं. फाटकाशी गाडी थांबवून, दार उघडून, कान देऊन मगच पुढे जायचं असतं. एकतीस आणि दोन तेहतीस. सहासष्ट फेऱ्यांत पोहणारी पाटीपाशी तेहतीस वेळाच येते. आकडे विसरता येतात. पोरं विसरता येत नाहीत.

दुपारी तलावाच्या इमारतीत पाय ठेवला तेव्हा घामेजलेली ऊब आणि क्लोरीन एकदमच नाकात शिरलं. वर आईबाप दाटीवाटीने बसले होते आणि निम्म्यांच्या हातांत गाईच्या गळ्यातल्या घंटा, पोरींना चेव यावा म्हणून वाजवायला. डार्लाला पाटीपाशी पाहून कोच इंग्रमच्या भुवया वर गेल्या.

"थियाने तुम्हाला विचारलं?"

"विचारलं."

"बरं." कोचने हातातला कागद छातीशी धरला. "मीही इकडे दर फेरीला कागदावर खूण करत राहीन. माझ्याकडे लक्ष ठेवा."

संध्याकाळच्या गटातल्या आठ वेगवान मुली पहिले आठ नंबर नेणार, हे ठरल्यासारखंच होतं. दुपारच्यांना उरले नववा ते सोळावा. थियाच्या गटातल्या सात जणी तिच्यापेक्षा सरस होत्या. म्हणजे तिच्यासाठी सोळावा, तोही आधीच्या गटातल्या वेक्सली कॉलेजच्या मुलीला मागे टाकलं तर. त्या मुलीची वेळ फलकावर होती: एकोणीस मिनिटं, चार सेकंद. वेक्सली आणि ऑर्डवे सातव्या जागेसाठी गुणांत अगदी बरोबरीला होत्या.

डार्लाने टॉवेलाची घडी घातली, गुडघे टेकले आणि इशारा झाला.

पहिली पाटी. वळणावरचं ब्रूबेकरांचं घर, दोन भाऊ, धाकट्याच्या नाकाला कायम धार. तीन. पाळणाघराशेजारची लुईझा. पाच. कुत्रं सोडायला येतं ते घर. थिया यायची, पाटीकडे एक नजर टाकायची, कोलांटी घेऊन भिंतीला लाथ मारायची, आणि डार्लाच्या बाह्या भिजायच्या. एकोणीस. एकवीस. कोणी घंटा वाजवत होतं, कोणी लेकीच्या नावाने घसा फोडत होतं. डार्ला बस चालवत होती.

शेजारच्या रांगेतली पाटीवाली एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होती, वेक्सलीची. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ती एकदम पांढरी पडली. "अहो, आमची एकेचाळीस झाली ना? की एकोणचाळीस?"

"मला विचारू नकोस, बाई. मी फाटकात उभी आहे."

"कुठे?"

डार्लाने दुसऱ्या फाटकाशी दार उघडलं, कान दिला आणि एकोणचाळीस बुडवली.

पन्नाशीनंतर थियाचे हात जड झाले. पाण्यात शिरताना ते शिरत नव्हते, पडत होते. घड्याळावर एक सेकंद इकडे, एक तिकडे. गुडघ्यांखालचा टॉवेल कधीच सरकला होता. एकसष्ट. टेकडीखालचं पत्र्याच्या गोठ्याचं घर.

थिया पलीकडच्या भिंतीला वळून परत निघाली आणि घंटा वाजली.

खरी घंटा. पंचांची. पुढच्या मुलीसाठी. क्षणात वरच्या सगळ्या घंटा तिच्यात मिसळल्या, आणि डार्लाचे हात गेल्या वर्षीच्याच जागी पोचले. केशरी बाजूवर.

"केशरी!" बाजूच्या काठावरून कोच इंग्रम ओरडली. कागद हवेत. "डार्ला, केशरी! केशरी लावा!"

थिया अर्ध्यावर आली होती.

डार्लाने डोळे मिटले नाहीत. रस्त्याकडे पाहिलं. हेंडरशॉटांचा दूधगोठा, तिथली तीन भावंडं आत्ता चढतायत. बत्तीस. आणि पुढे, खडीच्या वाटेच्या टोकाशी, ओपल अजून उभी आहे. सहा वर्षांची, डबा दोन्ही हातांत धरून.

पोराला रस्त्यावर सोडून गाडी पुढे नेता येत नाही.

"डार्ला!"

तिने त्रेसष्ट पाण्यात बुडवली आणि घट्ट धरली.

थियाने पाहिलं. कोलांटी घेताना तिची मान किंचित अडखळल्यासारखी वाटली, की पाणीच हललं? ती गेली. कोचने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. काठावरच्या पंचांना खरं काय ते माहीत होतं, पण त्यांना बोलायला बंदी; त्यांचे चेहरे भिंतीसारखे. आपण चुकलो असू, तर ही पोरगी जोर राखून पोहतेय आणि शर्यत संपून जाईल. डार्लाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. जाणं सतरा सेकंद. येणं सतरा सेकंद.

ओपल चढली. दार लागलं.

डार्लाने केशरी पाटी कोपरापर्यंत पाण्यात घातली आणि अशी हलवली, अशी हलवली की शेजारची पोरगी भिजली. थियाने भिंतीला लाथ मारली ती जणू भिंत पाडायचीच होती. शेवटची फेरी डार्लाला नीट दिसलीच नाही. दिसला तो पलीकडे आपटलेला हात, आणि मग फलक.

एकोणीस मिनिटं, तीन सेकंद, आणि वर साठ शतांश. तिच्या नावापुढचं घड्याळ थांबलं होतं, म्हणजे फेऱ्या सहासष्टच.

कोच इंग्रम धापा टाकत आली. आधी फलकाकडे, मग हातातल्या कागदाकडे बघितलं. "एक खूण जास्त पडलीय माझी," ती हळूच म्हणाली. "घंटा वाजली आणि मीही..."

"होतं तसं," डार्ला म्हणाली.

थिया काठाकाठाने चालत आली, पाणी निथळत, ओठ निळे. डार्ला अजून तिथेच होती, पाटी मांडीवर घेऊन. शेजारची वेक्सलीची पोरगी आपली पाटी उचलून निघून गेली होती.

"कोचचा आवाज मला पाण्यात ऐकू आला," थिया म्हणाली. "केशरी म्हणत होत्या. मलाही तसंच वाटत होतं. वाटलं, थांबावं."

"मग?"

"पाटीवर त्रेसष्ट होतं." तिने नाक पुसलं. "मिस डार्ला, वर्षभर मी तुमच्याशी नीट बोललेही..."

"ते राहू दे आता. पोरी, जरा हात दे. गुडघे आखडलेत, मला उठता येत नाहीये."