बसऱ्याला मुराळी कोण जाणार?

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा! हे आत्ताच्या आत्ता सांगितलं न्हाई तर माझं पोट फुटंल. आमच्या मामाएवढे प्रश्न अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसऱ्या कुणी विचारले नसतील. पोलीस ठाण्यातले अमीनसाहेब चोर धरून आणतात, त्यांचेसुद्धा प्रश्न कधीतरी संपतात. मामाचे संपत न्हाईत. मामा म्हणजे माझ्या आयचा थोरला भाऊ. घर आमच्याच गावात, वेशीला लागून. जमीन बरी, बैल बरे, पोटी लेकरू न्हाई, म्हणून सगळा वेळ पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवण्यात आणि त्याहून जास्त मोडण्यात जातो. आणि सवय अशी लागलीय की लग्नाचं स्थळ बघावं तसं मामा सगळंच बघतो. युसूफ वडगावच्या बाजारात गोऱ्हा घ्यायला गेलतो आमी, तर ह्यानं विकणाऱ्याला गोऱ्ह्याच्या आईचं दूध, आजीचा स्वभाव आणि मागच्या मालकाच्या गावचं पाणी, सगळं विचारलं. तो बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, "पाटील, गोऱ्हा न्यायचाय का जावई करायचाय?" मामा म्हणतो कसा, "दोघंबी दावणीलाच बांधायचे असतात, बे!" कपिलधारला सगळी माणसं धबधब्याखाली डोळे मिटून उभी, आणि मामा पुजाऱ्याला विचारतोय, हे पाणी मूळचं कुठलं, उन्हाळ्यात त्याची तब्येत कशी असती? पुजारी आता मामा दिसला की गाभाऱ्यातच जाऊन बसतो. मामी तर म्हणते, "मला बघायला आले तवा चालायला लावलं, दळायला लावलं, वर माझ्या बापाला इचारलं, पोरगी रुसली की किती येळ बोलत न्हाई? आता बसतात सोताच मोजत."

तर काही सालांमागं गावात एक पाव्हणा आला. बूट, कोट, खिशाबाहेर लोंबणारी साखळी, आणि दर वाक्याला "बिल्कुल!" चावडीवर बसून त्यानं असं काही वर्णन केलं म्हणता! समुंदरापार आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेचं काम चाललंय, गोऱ्या साहेबांना माणसं पाहिजेत, राहायला पक्कं घर, खायला रोज गव्हाची पोळी, बिल्कुल. गावातली सगळी तरणी पोरं येडी झाली, आणि सगळ्यात आधी माझा थोरला भाऊ बापू. बापू विहिरींचं काम करायचा. काळ्या खडकात पहारीनं भोक पाडून सुरुंग ठासायचा असा, की लांबलांबून बोलावणं यायचं. पण त्या साली विहिरींची कामं थांबली होती आणि बापू घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. पाव्हणा म्हणाला, जहाजावर जागा धरायला काहीतरी चांदीचं द्या, अन् लवकर द्या, उद्या उजाडता निघायचंय. आयनं मनगटातले गोट उतरवले. आजीचे होते ते, तिच्या हातातून आयच्या हातात आलेले. फडक्यात बांधून तिनं बापूच्या हातात ठेवले, आणि मोकळं मनगट पदराखाली झाकून घेतलं.

बापू गोट घेऊन चावडीवर गेला, तर मामा तिथं आधीच पाव्हण्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला.

"पाव्हणं, पोराला काय येतं ते इचारलं का?"

"बिल्कुल जरूरत न्हाई, मामासाब! शेर हाय तुमचा भाचा."

"त्याचे हात तरी बघा."

"हातात काय बघायचं?"

मामा गप्प झाला. मामा गप्प! आमी सगळे घाबरलो. मग त्यानं शेजारच्या गणपातात्याला आणायला सांगितलं. तात्याला ऐकू येत न्हाई, आणि माणसाच्या आधाराशिवाय बाजंवरनं उठता येत न्हाई. दोघांनी धरून आणला. मामा म्हणाला, "ह्यो चालंल का?"

"बिल्कुल! असे बुजुर्ग तर साहेब मुकादम करतात."

"आन मी? मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

"एका डोळ्याचंच काम हाय, बिल्कुल."

"आन आमचा गोऱ्हा?"

"बिल्कु..." पाव्हण्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. चावडी हसून हसून लोळायला लागली. एकटा मामा हसला न्हाई. बापूकडं वळून म्हणाला, "लेका, पोरगी न बघता जो हो म्हणतो ना, त्याच्या पोरात खोट असती. ह्यानं तुझे हात बघितले न्हाईत. आधी हुंडा मागतोय, नवरा मागनं दावतो म्हणतोय. आन घाई तर अशी, जसा काय मुहूर्त पळून चाललाय." मग पाव्हण्याला लई गोड आवाजात म्हणाला, "तरी आपली रीत हाय. पोरगी द्यायच्या आधी घर बघाया जावं लागतं. गाड्या जुंपतो, आमी सगळेच येतो मुंबईला जहाज बघाया. आधी जी पोरं गेली त्यांची गावं सांगा, वाटंत त्यांच्या आईबापाकडं मुक्काम करू. कावून, अडचण हाय का काई?"

अडचण न्हाई, बिल्कुल न्हाई, म्हणत पाव्हणा मामाचा लोटा घेऊन ओढ्याकडं गेला तो गेलाच. मामीनं त्याच्यासाठी केलेला स्वयंपाक तसाच राहिला. गोट परत आयच्या मनगटात आले. मामा म्हणतो, "स्थळ मोडलं, पर लोट्यावर भागलं."

पण बापू मामाशी बोलंना. "तुमी माझं नशीब मोडलं," एवढं म्हणाला, आणि मग लई दिवस मामा समोरून आला की वाट बदलायचा. मामा तेवढ्यानं वाळला. गोऱ्ह्याशीसुद्धा बोलायचं बंद केलं त्यानं.

पुढं खरा मुकादम आला. समुंदरापार अरबांच्या मुलखात, बसऱ्याच्या बंदरावर दगडाचं काम. त्यानं बापूला खडकावर उभा केला, पहार दिली, भोक पाडायला लावलं, तळहात उलटेपालटे करून बघितले. आमच्या गावातल्या दोघांना तोंडावर न्हाई म्हणाला. ऊन भाजून काढतं, पाणी मचूळ लागतं, घरची आठवण लई येती, हेही त्यानंच सांगितलं. मागितलं काहीच न्हाई. मामा त्याच्या गावाला जाऊन राहून आला, त्याच्या विहिरीचं पाणी पिऊन आला, तिथून गेलेल्या पोरांच्या आयांना भेटून आला. परत आला तो ओट्यावर बसूनच राहिला. आयनं विचारलं, "दादा, काय खोट सापडली का?" मामा म्हणाला, "न्हाई गं. लई हुडकली." आणि पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. स्थळ चांगलं निघालं की पोरगी द्यावीच लागती, हे मामाला कुणी सांगायची गरज न्हाई.

मांजरसुंब्यापर्यंत सोडायला गेलतो आमी. लग्नात नवरीला मामा बोहल्यावर नेतो तसं बापूचा हात धरून मामानं त्याला मुकादमाच्या गाडीत बसवलं. बापू वाकून पाया पडला. मामानं त्याला एकही प्रश्न विचारला न्हाई.

आणि आज, आत्ता, थोड्या वेळापूर्वी, त्या मुकादमाच्या गावचा एक माणूस रजेवर आलाय, बापूनं दिलेलं खजुराचं गाठोडं घेऊन! मामानं त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं न्हाई. रुळला का? जेवतो का? कुणी टोचून बोलत न्हाई ना? तो माणूस हसत म्हणाला, "लई बरं चाललंय. पर बंदरावर नवीन माणूस उतरला की तुमचा बापू त्याला आडवून इचारतो, तुझे हात बघून घेतलं का न बघता?"

मामानं एक खजूर उचलला, लई वेळ हातात फिरवला, खाल्ला न्हाई. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "पोरगी सासरी गेली की सणाला मुराळी धाडून आणता येती. बसऱ्याला मुराळी कोण जाणार रं?"

मी तसाच उठून पळत आलो, तुमालाच इचारायला. तुमच्याबी घरचं असं कुणी लांब गेलंय का हो, सगळं पारखून, सगळं बघून धाडलेलं, आणि तरी दिवाळी जवळ आली की वेशीकडं बघत बसावं असं?