लाटण्याचे दोन ठोके

मी स्वभावाने भांडखोर. माणसांशी भांडत आले तशी एकदा देवीशीही भांडले, आणि त्या भांडणाचं पुढे काय झालं त्याची ही हकीकत. याला अनुभव म्हणावं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी आपलं घडलं तसं सांगते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते, कारण ती लपवली तर बाकीच्याला काही अर्थ उरत नाही.

गेल्या वर्षी गौरी-गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी आईला झटका आला. चौऱ्याऐंशीची ती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं, ताई. पण नुसतं भरवून भागायचं नाही. त्यांना स्वतःला घास घ्यावासा वाटला पाहिजे." आणि आईला तर कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. चमचा ओठाला लावला की ती तोंड भिंतीकडे फिरवायची. पेज, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, सगळं करून झालं. दिवसभरात दोन चमचे पोटात गेले तरी नशीब. बाई डोळ्यांसमोर वाळत चालली होती, आणि जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं ती मी तिच्या उशाशी मुकी बसून होते. आम्ही दोघीच. वडील माझ्या लहानपणी गेले, लग्न मी केलं नाही. आई गेली की "जेवलीस का गं?" असं विचारणारं मला या जगात कुणी उरणार नव्हतं.

आम्ही मूळच्या भिवंडीतल्या, निजामपुऱ्यातल्या. दोन खोल्यांचं घर, आणि आतल्या खोलीच्या भिंतीपलीकडे हनीफचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. आठ लूम, दोन शिफ्ट, खटक-खट, खटक-खट. भिंतीवरच्या तसबिरी थरथरायच्या, कपातल्या चहावर बारीक लाटा उठायच्या. उन्हात घातलेल्या पापडांवर कापसाचे तंतू बसायचे आणि पापडांना मिशा फुटायच्या. घरात आम्ही दोघी ओरडूनच बोलायचो. शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा हेडबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "अहो, मी इथेच बसलेय, बहिरी नाही." आज हे आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात. तेव्हा मात्र मला त्या आवाजाचा मनापासून तिटकारा होता. निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर गावाबाहेर शेलारच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि जुन्या घराला कुलूप लावलं. मागे भातशेती, पुढे मोकळं मैदान. आईला म्हटलं, "बघ, कशी शांतता आहे!" ती म्हणाली, "हो गं. फार शांत आहे." मी ती पसंती समजले.

आता चूक. वीसेक वर्षांपूर्वी मी बढतीच्या परीक्षेला बसले होते आणि अभ्यासासाठी रजा काढून दुपारची घरी असायचे. एरवी दुपारचं घर मला माहीतच नव्हतं. चार वाजले की आई आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून रामनाम घेत बसायची, माळ न घेता, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. मध्येच उठायची, लाटणं घ्यायची आणि भिंतीवर ठक-ठक दोन ठोके मारायची. पलीकडे एक लूम थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटलं, आवाजाने तिचा जप मोडतोय, बिचारी तोंडाने बोलत नाही. झालं, माझं डोकं फिरलं. कागद ओढला आणि पालिकेकडे अर्ज ठोकला की माझ्या आईला या आवाजाचा अतोनात त्रास होतो. चौकशीला माणूस आला. हनीफचाचांनी एका शब्दाने वाद घातला नाही. आमच्या भिंतीलगतचे लूम माझी परीक्षा होईपर्यंत दुपारचे बंद ठेवले. त्या ईदलाही शीरखुर्म्याचा डबा नेहमीसारखा आला, आणि मी तो खाल्लाही. आई त्या दिवसांत गप्पगप्प असायची. मी म्हटलं, शेजाऱ्यांशी वाकडं घेतलं म्हणून रुसली असेल. परीक्षा पास झाले, आणि तो विषय मी डोक्यातून काढून टाकला.

तर आई अशी न खाता-पिता पडलेली. एका मंगळवारी समोरच्या गायकवाडवहिनींना तिच्याजवळ बसवलं आणि मी वज्रेश्वरीला गेले. देवीची ओटी आई दरवर्षी भरायची, कधी चुकली नाही. मी पायऱ्या चढले त्या रागातच. ओटी भरली, आणि हात जोडायचे सोडून मनातल्या मनात तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, "आयुष्यभर तुझ्या पायऱ्या चढली ती. तिच्या पोटात घासभर अन्न जाऊ नये? निदान तिचा आवाज तरी परत दे. एकदा बोलू दे माझ्याशी. नाहीतर पुढच्या वर्षी माझी वाट बघू नकोस." मागून कुणीतरी म्हणालं, "चला बाई, पुढे सरका." मी खाली उतरले आणि एसटीत बसले.

बसमध्ये मला भोवळ आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्याचं भानच नव्हतं. शेजारी एक पन्नाशीचा माणूस होता. उठून त्याने मला खिडकीची जागा दिली, आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि पिशवीतून दोन केळी काढून माझ्या हातात ठेवली. "खा लो, बहन. पहले खा लो, रोना बाद में." तेव्हा मला कळलं की मी रडतेय. तो भिवंडीत तीस वर्षं लूम चालवणारा कारागीर होता, उत्तरेकडचा. उभं राहून राहून गुडघे गेले म्हणून गरम पाण्याच्या कुंडावर आला होता. घरी कोण आजारी आहे, त्याने विचारलं. परक्याला सांगणं सोपं असतं, मी सगळं सांगितलं. निजामपुऱ्याचं घर, नवा फ्लॅट, आई कशी भिंतीकडे तोंड करून पडते, तेही सांगितलं. त्याने मान हलवली आणि सहज म्हणाला, "हम गाँव जाते हैं ना, तो तीन-तीन दिन नींद नहीं आती. लूम की आवाज़ नहीं, तो लगता है कोई घर में है ही नहीं." एवढंच. मग तो त्याच्या नाक्यावर उतरून गेला. मी नावही विचारलं नाही. हातातली केळी तशीच राहिली होती. जुन्या घरी ज्या बाजूला लूमची भिंत होती त्याच बाजूला आई तोंड फिरवत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी आईला निजामपुऱ्यात न्यायचं मी ठरवलं. लोक म्हणाले, वेड लागलंय हिला. त्यात लिफ्ट बंद. गायकवाडभाऊ दवाखान्यात नोकरीला, नुकतेच ड्युटीवरून आले होते. मी त्यांना देवीचं, बसमधल्या माणसाचं सांगायला लागले तर म्हणाले, "ताई, देवाचं मला नका सांगू, आमच्यात ते न्हाय. खुर्ची कुठाय ते सांगा." प्लास्टिकच्या खुर्चीत आईला बसवून, ओढणीने बांधून, त्यांनी आणि वॉचमनने तिला तीन मजले खाली आणलं. प्रत्येक वळणावर भाऊ तिला विचारत होते, "आजी, बरं हाय ना?" ती उत्तर देणार नाही हे ठाऊक असूनही विचारत होते. रिक्षातही तेच तिला धरून बसले.

पण गल्ली गप्प होती. मंदीत एकेक कारखाना बंद पडत गेला होता, हे मला ऐकून माहीत होतं. पण ऐकणं वेगळं आणि त्या गल्लीत स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येणं वेगळं. आईला तिच्या जुन्या खाटेवर, भिंतीलगत निजवलं. तिने डोळेही उघडले नाहीत. मी शेजारी गेले. हनीफचाचा दारात स्टुलावर बसले होते, दाढी पांढरीशुभ्र झालेली. आत आठांतले पाच लूम भंगारात गेले होते, उरलेले तीन गिऱ्हाइकाची वाट बघत होते. ज्याच्यावर अर्ज केला त्याच्याच दारात उभं राहून मी म्हटलं, "चाचा, एक लूम चालवाल का? नुसता, रिकामा. आईसाठी." मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यांच्या जागी मी मारलाच असता. चाचा उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीन नंबर चलाता हूँ. भाभी का तीन नंबर."

तेल घालता घालता त्यांनी मला सांगितलं. आई लूमच्या ठेक्यावर नाम घ्यायची. लूम बिघडला की तिच्या जपाचा ठेका चुकायचा, आणि ती लाटण्याने ठोके मारून त्यांना कळवायची, की तीन नंबर लंगडतोय. "मेरा मिस्त्री बाद में आता था, भाभी का बेलन पहले बजता था." गावावर दंगलीचे वाईट दिवस आले होते, कुणी घराबाहेर पडत नव्हतं, तेव्हाही रोज ते पलीकडून ठोके मारायचे आणि आई लाटण्याने उत्तर द्यायची, की आम्ही ठीक आहोत. मी खाली मान घालून म्हटलं, "मग माझ्या अर्जाच्या वेळी मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "भाभी ने मना किया था. बोली, बेटी का इम्तिहान है, उसको मत बताना, शरमा जाएगी."

मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन आईजवळ बसले. धागा नसला की लूम आपोआप थांबतो, म्हणून चाचांनी कसलीशी पट्टी सुतळीने बांधून टाकली आणि बटण दाबलं. खटक-खट. भिंत थरथरली. आई तशीच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गायकवाडभाऊ दारात अवघडून उभे होते. मी मनात म्हटलं, वेडी आहेस तू, मरणाऱ्या बाईला मशीन ऐकवतेस. तेवढ्यात तिच्या डाव्या हाताचा अंगठा हलला. तर्जनीच्या पेरावर गेला, दुसऱ्या पेरावर गेला, थांबला. पुन्हा चालला, पुन्हा अडखळला. आईच्या कपाळाला आठी पडली. तीच आठी, माझ्या लहानपणी पोळी करपली की पडायची ती. वाकडे झालेले ओठ हलले. मी कान जवळ नेला. मला वाटलं, राम म्हणेल, नाहीतर माझं नाव घेईल.

"लं... लंगडतोय," आई म्हणाली.

माझ्या तोंडून हसू फुटलं की रडू, मला आजही सांगता यायचं नाही. धावत जाऊन फळीवरचं जुनं लाटणं काढलं आणि भिंतीवर दोन ठोके मारले. लूम थांबला. भिंतीपलीकडून चाचा ओरडले, "आया, भाभी, आया! अभी कसता हूँ!" त्यांनी नट कसला, लूम सरळ चालायला लागला, आणि आईचा अंगठा पेरांवरून न अडखळता फिरू लागला. त्या संध्याकाळी तिने वाटीभर पेज घेतली. गायकवाडभाऊ डोळे पुसत म्हणाले, "आजींचा मेकॅनिक कोर्स झालेला दिसतोय."

मी फ्लॅटला कुलूप घातलं आणि आईबरोबर तिथेच राहिले. उरलेले दोन लूमही गेले, पण तीन नंबर चाचांनी दिला नाही. रोज चारला अर्धा तास तो रिकामा चालायचा. आई हळूहळू चार शब्द बोलू लागली. "जेवलीस का गं?" हे तिने पौषात विचारलं, आणि मी जेवलेली असूनही नाही म्हणाले. लूम मात्र दोन दिवसांआड लंगडायचा. मग आई डाव्या हाताने लाटणं आपटायची आणि खूश व्हायची. मी एकदा म्हटलं, "चाचा, फारच बिघडतो हो हा." ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "नट मैं ही ढीला करता हूँ, बेटी. भाभी को कुछ काम तो चाहिए."

चैत्रातल्या एका दुपारी लूम लंगडत चालला होता. मी ओट्याशी होते. तो लंगडतच राहिला, बराच वेळ. मग थांबला, आणि तेलाने माखलेले हात घेऊन हनीफचाचा आमच्या दारात उभे राहिले. आत पाऊल न टाकता म्हणाले, "बेटी, आज बेलन नहीं बजा."

आईचा अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला होता.

देवीच्या पायऱ्या मी यंदा पुन्हा चढले. भांडायला तोंड नव्हतं. आवाज मागितला होता, तो तिने दिला. कुठल्या वाटेने द्यायचा हे मी ठरवायला गेले असते तर लूमची वाट मी सगळ्यांत आधी बंद केली असती. अर्ज करून बंद केलीच होती की! म्हणून आता मागताना मी एवढंच म्हणते, तुला दिसेल तसं दे.

तीन नंबरही शेवटी गेला. पलीकडे आता खोकी ठेवतात, आणि चाचा तिथेच स्टुलावर बसून असतात. चार वाजले की मी लाटणं घेते आणि भिंतीवर दोन ठोके मारते. पलीकडून आवाज येतो, "क्या हुआ, बेटी? कुछ लंगड़ रहा है?" बहुतेक दिवशी मी म्हणते, "नाही चाचा, सगळं ठीक आहे." एखाद्या दिवशी मात्र खरं सांगते, "हो चाचा, आज जरा लंगडतंय." मग ते उठून येतात, आणि मी चहा टाकते.