दादानं कॅरियरवर कुणाला नेलं?

या सदरात लोक लिहितात ते मी वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते. चकवा, हडळ, विहिरीतली बाई... माझा असल्या कशावर कधी विश्वास नव्हता. आणि ज्यांना असे अनुभव येतात ते पुढे किती कौतुकानं सांगतात — देवानं दर्शन दिलं, आजोबांनी वाचवलं! मला त्यात कौतुकासारखं काही सापडलेलं नाही. माझं तर नुकसानच झालं, आणि तसं बोलून दाखवलं की लोक उलट मलाच भाग्यवान म्हणतात. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आता लिहूनच टाकते.

गोष्ट निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या काही वर्षांतली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. माझं सासर पुसेगावजवळच्या एका खेड्यात, माहेर कयाधू नदीच्या काठावर. मधे मुरमाची सडक. पावसाळ्यात आजूबाजूच्या काळ्या रानात घोट्यापर्यंत पाय रुतायचा, पण सडकेवर चिखल म्हणून नसायचा. मोटार क्वचित दिसायची. बाकी बैलगाड्या आणि बाजाराला जाणारे लोक, तेही बाजाराच्या दिवशीच.

माझा थोरला भाऊ हिंगोलीला कापसाच्या जिनात कारकून होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. त्यानं जुनी सायकल घेतली होती आणि तो तिच्यावर खुळावला होता. काही काम नसताना नुसता त्या सडकेनं हिंडून यायचा. "नदी एका हाताला धरायची," तो सांगायचा, "मंग लिंबाची झाडं, मंग मोठा चढ. वापस येताना तोच उतार, पायडल मारायचंच न्हाई बग! जवारीतून वारा येतो, अन् मानूस म्हनून दिसत न्हाई." गावातले लोक त्याला वेड्यात काढायचे. मला मात्र तो रस्ता त्याच्या तोंडून ऐकूनच पाठ झाला होता.

त्या वर्षी श्रावणात माझी माय आजारी पडली. हे मला कुणी कळवलं नाही. आमच्याकडे लेकीला वाईट बातमी सासरच्या उंबऱ्यावर सांगत नसत. सहज न्यायला आलो म्हणायचं, आणि वाटेत गावाची शीव ओलांडली की हळूहळू सांगायचं. रीतच तशी होती. पंचमी तोंडावर आली होती, म्हणून दादा आला तेव्हा मला वाटलं, मुराळी आला. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. तो गाडी जुंपून येतो, शिदोरीची पाटी आणतो, मग सासरचे लोक खूश होऊन सुनेला धाडतात.

दादा आला तो सायकलीवर. गाडीनं सगळा दिवस गेला असता आणि मायचा काही भरवसा नव्हता. पण हे त्यानं सांगितलंच नाही! हसत बसला आणि म्हणाला, "पंचमीला न्यायाला आलो, मावशी. आजच धाडा."

सासूबाईंनी आधी सायकलीकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे.

"असा कसा हो तुमचा मुराळी? गाडी न्हाई, शिदोरी न्हाई. आमची सून काय त्या दांडीवर बसून जाईन?"

"मागं कॅरियर हाय. बराबर बसती बाई."

"अन् गावानं बगत ऱ्हायचं? गाडी घेऊन या, मंग धाडू."

माझे यजमान तिथेच ओसरीवर दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याचं तोंड उतरलेलं मला दिसलं, पण मला वाटलं, अपमान झाला म्हणून असेल. तो निघाला आणि मी जाऊबाईंबरोबर जात्यावर बसले. सणाच्या पुरणासाठी डाळ भरडायची होती. दिवस मावळेपर्यंत मी त्या घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. याला जाऊबाई साक्षीला होत्या, सासूबाई होत्या, दळण न्यायला आलेल्या शेजारणी होत्या.

दुसऱ्या दिवशी माहेरचा माणूस आला. यजमानांना बाहेरच माय गेली एवढं सांगून तो पुढच्या गावांना कळवायला गेला. मयताला मात्र आमच्या घरची गाडी लगेच जुंपली गेली, सासूबाई-जाऊबाईंसकट सगळे निघाले! तेव्हा कुणी शिदोरी विचारली नाही.

अशा वेळी लेक माहेराला पोचते ती वेशीपासून हंबरडा फोडत. मीही फोडला. दारात काकी उभी होती, चुलत्याची बायको. तिनं मला पाहिलं आणि ती वैतागलीच.

"कुठं गेली व्हतीस गं? सकाळधरनं हुडकून राहिलो आमी!"

"काकी, मी आत्ताच येऊन राहिले..."

"आत्ता? काल मायच्या उशाला कोन बसलं व्हतं मंग?"

मला वाटलं दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण मग एकेकजण तेच सांगू लागला.

दादाचं म्हणणं असं. माझ्या सासरच्या शिवेवर त्याच्या सायकलीची चेन पडली. ती बसवून तो सीटवर बसला तर मागचं कॅरियर दबलं. त्यानं खाली पाहिलं, हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. "निघालीस का?" विचारलं, तर "व्हय" असं उत्तर आलं. त्याला वाटलं मी भांडून, पळून आले. रडत असेन, म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पुढे सडक मोकळीच होती. मायचं दुखणं किती वाढलंय ते सगळं त्यानं वाटेत सांगितलं, मागून नुसतं "हं" येत होतं. ओढ्याला पाणी होतं तिथे ती उतरली, पाण्यातून चालत पलीकडे आली आणि पुन्हा बसली. उताराला, रोज मोकळी सुटणारी सायकल त्या दिवशी वजनानं जड पळत होती, ब्रेक दाबून दाबून त्याचा हात दुखला.

दिवेलागणीच्या आधी ते घरी पोचले. दादा सायकल भिंतीला टेकवून वैद्याला बोलवायला गेला, ती थेट आत गेली. काकीनं तिला पाठमोरी पाहिली. डोक्यावर पदर, मायचा हात हातात. माय कितीतरी दिवस एकच म्हणत होती, "कौशीला बोलवा, मला तिला एक सांगायचं हाय." काय, ते दुसऱ्या कुणालाच सांगत नव्हती. त्या संध्याकाळी ती सांगत होती. हळू आवाजात, बराच वेळ. मायलेकीचं खासगी बोलणं म्हणून काकी शहाणपणानं बाहेर गेली आणि तिनं दारसुद्धा ओढून घेतलं. मग मायनं पाणी मागितलं, प्याली, आणि गेली. रडारडीत माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सकाळी मी दिसेना तेव्हा त्यांनी आधी हुडकलं, मग त्यांना वाटलं, न विचारता आले होते म्हणून भिऊन सासरी परत गेले.

मी ओरडून सांगितलं की मी आले नव्हते. जाऊबाईंनाही बोलावून विचारायला लावलं. आणि मग — सगळ्यांना बरं वाटलं! काकी म्हणाली, नदीतल्या साती आसरा, पाण्याच्या देवी, आल्या असतील तुझं रूप घेऊन. कुणी म्हणालं, लेकीचा जीवच गेला मायकडे. यजमान म्हणाले, देवानंच केलं. आणि सासूबाई, ज्यांनी गाडीवाचून धाडलं नाही, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "भेट झाली ना मायलेकीची? मंग आता कुनावर राग कशाला?"

कुणाची भेट झाली? माझी नाही झाली. मी डाळ भरडत होते.

नंतर मी दादाला खूप छळलं. दुसरी कुणी बाई असेल, म्हटलं. त्यानं विचारलं, आपल्या भागात कोण बाई परक्याच्या सायकलीवर बसून एवढी वाट येईल? आणि आली तर मायला ओळखू कशी आली नाही? मग तुला भास झाला असेल म्हटलं, तर काकीनं पाहिलेली कोण? दादाही शेवटी चिडला. "मी तुला आनलं व्हतं. माझं काम मी केलं," म्हणाला. त्यानंतर आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. तो आता नाही. पुढे त्याच रस्त्यानं मी एसटीनं कितीदा गेले, ओढ्यावर पूल झाला, लिंबं तोडली. उत्तर काही मिळालं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, फक्त मला भाग्यवान म्हणू नका.

दहाव्याला आम्ही सगळे कयाधूवर गेलो. पिंड ठेवला. मेलेल्याचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे लोक हात जोडून एकेक वचन देत बसतात. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते आणि मनात एकच म्हणत होते, शिवू नको. तासभर शिवू नको, दिवसभर शिवू नको. एकाला तरी म्हणू दे की हिची लेक राहिली.

दादानं हात जोडायच्या आधीच कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. "सुटली गं बाई, काई सुदिक राहिलं न्हाई तिचं," काकी म्हणाली, आणि बायका समाधानानं डोळे पुसायला लागल्या. माझ्या मायचं खरंच काही राहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.