चौमाशाची कुपनं

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी वाशीमच्या एका छापखान्यात प्रूफं तपासत होतो. तिथून एक साप्ताहिक निघे; बाकी काम लग्नपत्रिकांचं, अडत्यांच्या बिलबुकांचं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिकांचं. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. बायको जऊळक्याला माझ्या आईवडिलांजवळ होती. मी वाशीमला आमच्याच छापखान्यात छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याबरोबर एका खोलीत राहत होतो.

बायकोला वाशीमला आणायचं तर वेगळं बिऱ्हाड हवं होतं. एक खोली मी पाहून ठेवली होती. नळ आत होता आणि स्वयंपाकाला ओटा होता. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ, वर स्टोव्ह आणि भांडी, असे अडीचशे रुपये लागणार होते. घरमालक कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबायला तयार झाला. माझ्याजवळ दोनशे होते. ते आहेराचे. बायकोने ते रुमालात बांधून माझ्याजवळ दिले होते.

जेवायला मी आणि जुळारी एकाच ठिकाणी जात असू. एका जैन किराणा दुकानदाराच्या घरी मागच्या पडवीत खानावळ चाले. कांदा, लसूण, बटाटा नाही. सूर्य मावळायच्या आत शेवटचं ताट उठलंच पाहिजे, हा दुसरा नियम. सुटं ताट सव्वा रुपयाला. पावसाळ्याआधी धान्य भरून ठेवायला रोकड हवी, म्हणून त्या वर्षी शेटजींनी चौमाशाची कुपनं काढली. आषाढी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सकाळची एकशे वीस आणि संध्याकाळची एकशे वीस. आगाऊ भरले तर दोनशे रुपयांत.

कुपनं आमच्याच छापखान्यात छापली गेली. जुळाऱ्याने मजकूर जुळवला आणि मी प्रूफ तपासलं. 'संध्याकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी' ही ओळ मी तीनदा वाचली. तीत दुरुस्ती नव्हती.

हिशेब सोपा होता. दोनशेचाळीस ताटांचे सुटे तीनशे होतात. आहेराचे दोनशे शेटजींकडे भरायचे आणि पगारातून जेवणाचे म्हणून जे पाऊणशे दरमहा जात ते बाजूला टाकायचे. चार महिन्यांनी हातात तीनशे. खोली घेऊन पन्नास उरतात. मी हे जुळाऱ्याला दाखवलं.

"जेवाच्या आधीच पैसे देऊन राह्यले, मास्तर?"

"शंभर रुपये वाचतात."

"जेवलं तं वाचतात," तो म्हणाला आणि पुन्हा खिळे उचलू लागला.

त्याने कुपनं घेतली नाहीत. तो केनवडचा. घरची भाजीची बाग होती. शनिवारी दुपारी तो सायकलवर गावी जाई आणि सोमवारी दुपारपर्यंत परत येई. आठवड्याला चार ताटं त्याला लागतच नसत. वयाने तो माझ्याएवढाच, पगाराने थोडा कमी. त्याचा हेवा वाटावा असं काही माझ्या तेव्हा तरी लक्षात आलं नव्हतं.

ते पहिल्या सोमवारी आलं. तो पिशवीभर दोडके आणि एक कोहळं घेऊन पडवीत आला आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. शेटजींच्या पत्नीला सगळे भाभी म्हणत. त्या पिशवी आत घेऊन गेल्या आणि त्याच्या ताटात तूप लावलेला फुलका पडला. माझ्या ताटात कोरडा. मला वाटलं, पहिल्या दिवसाचं कौतुक असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. शिवाय वाढताना त्याच्यापासून सुरुवात होई.

"भाभी, इकडं बी पाह्यजा," मी म्हणालो.

"येऊन राह्यली ना भाऊ. तुमचं तं कुपन हाय, निवांत बसा."

गल्ल्यावरून शेटजींनी भर घातली, "कुपनवाले कुठं जातात?" पडवीतले लोक हसले. जुळारी हसला नाही, तो जेवत होता. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी हिशेबाच्या वहीत एक पान त्याच्या नावाने सुरू केलं. नाव लिहिलं नाही, नुसतं 'तो' लिहिलं. त्याची ताटं मी मोजू लागलो. वरचे फुलके, तुपाचे दिवस आणि दह्याची वाटी हेही त्यात असे. दर शनिवारी बेरीज करून माझ्या पानाशेजारी धरत असे. त्याचं बसचं भाडं धरता आलं असतं तर आकडे माझ्या बाजूने आले असते. पण तो सायकलवर जाई, त्यामुळे तिथेही काही मिळेना.

मी रविवारी जऊळक्याला जाणं बंद केलं. गाडीने तासाभराचं अंतर, पण गेलं की त्या दिवसाची दोन कुपनं बुडत. बायकोला कार्ड लिहिलं की कामाचा ताण आहे, सुटी नाही. श्रावणात चारही रविवार मी पडवीत जेवलो. समोरचा पाट रिकामा असे, आणि केनवडला तो आत्ता काय जेवत असेल हे माझ्या मनात येई. बायको काय जेवत असेल हे त्या मानाने कमी वेळा आलं. हे तेव्हा खटकलं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

भाद्रपदाच्या अखेरीस पहिली अडचण आली. छापखाना सहाला बंद होई आणि खानावळ दहा मिनिटांवर होती. आषाढात सूर्य सातच्या सुमारास मावळत होता, त्यामुळे पुरेसा वेळ असे. आता तो सव्वासहाच्या आसपास आला. एके दिवशी मी पोचलो तेव्हा पाट उचलून भिंतीशी लावलेले होते आणि भाभी पडवी पुसत होत्या.

"आता नाही भाऊ. दिवस बुडाला."

"पाचच मिनिटं झाली."

"पाच होऊ दे नाहीतं पन्नास. चूल विझली."

मी कुपन दाखवलं. त्यांनी ते वाचून दाखवलं. मी हॉटेलात दीड रुपया देऊन पोळी-उसळ खाल्ली.

हिशेब मी आषाढात केला होता आणि चार महिने सूर्य आषाढातच राहील असं धरलं होतं. वाशीमला मावळतीची वेळ कार्तिकात सव्वा तासाने अलीकडे येते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. साप्ताहिकातलं पंचांगाचं सदर मीच तपासत होतो.

जुळाऱ्याला ही अडचण नव्हती. खिळे जुळवायला उजेड लागतो. छापखान्यात दोनच दिवे होते आणि त्यांच्या उजेडात बारीक टाइप दिसत नसे. त्यामुळे दिवस लहान होत गेला तसा तो कामावरून लवकर उठत गेला, आधी साडेपाचला, मग सव्वापाचला. जाताना दिवसभराचं प्रूफ काढून माझ्या टेबलावर ठेवी. त्याचं काम संपलं की माझं सुरू होई. तो हातपाय धुऊन पाटावर बसलेला असेल त्या वेळी मी त्याने जुळवलेल्या ओळी वाचत असे.

मी त्याच्या चुका जास्त काढू लागलो. आधी ज्या सोडून देत होतो त्यांवरही खुणा करू लागलो. दोन शब्दांतलं अंतर केसभर जास्त, ओळ कणभर तिरपी, टिंब पुसट. एका लग्नपत्रिकेवर मी सतरा खुणा केल्या. सकाळी त्याने ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, नवरदेवाचं लगन होईन का हे वाचून लोकं परत जातीन?"

"खुणा आहेत तिथं दुरुस्ती करायची."

"करतो ना. माह्या बापाचं काय जाते."

दुरुस्त्या वाढल्याने सकाळचं जुळवणं मागे पडलं आणि साप्ताहिक एक दिवस उशिरा निघालं. छापखान्याच्या मालकांनी दोघांना बोलावलं. चौकशी वगैरे केली नाही. त्यांनी मला सांगितलं, "प्रूफ आजच्या आज पाह्यजे. कितीबी वाजो. सकाळी मले दुरुस्त्या तयार दिसल्या पाह्यजे." तोपर्यंत मी अधूनमधून पावणेसहाला निसटून पाट गाठत होतो. तेही बंद झालं. जुळारी नेहमीच्या वेळी जात राहिला.

आश्विनाच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला.

"तुमचे संध्याकाळचे कुपनं वाया चालले ना?"

"कोणी सांगितलं?"

"भाभीनं. म्हणते, मास्तर येतच नाहीत. एक काम करा. मले देत जा. मी रुपया देतो एकाले."

मी समोरच्या प्रूफावर एक खूण केली.

"तुमाले रुपया भेटते, माहे चार आणे वाचते. शेटजीले इचारलं म्या. तो म्हणे, कागद आला का ताट वाढतो."

मनात मी लगेच गणित केलं. तो गावी जाण्याचे दिवस वजा करून पौर्णिमेपर्यंत बत्तीस संध्याकाळी होत होत्या. बत्तीस रुपये. हॉटेलचा खर्च बराच भरून निघत होता आणि खोलीचे अडीचशे जमत होते. हे सगळं मला तिथेच, त्याच्यासमोर उभं असताना कळलं. त्याचबरोबर हेही दिसलं की तो माझ्या कुपनावर माझी पोळी रुपयात खाणार, तीही तूप लावून, आणि माझ्या वहीतल्या पानावर त्याचा खर्च आणखी कमी होणार.

"नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"कोणाच्या?"

मी प्रूफाची गॅली पुढे ओढली. "तुमची मर्जी, मास्तर," तो म्हणाला आणि गेला. त्याने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळची कुपनं ट्रंकेत तशीच पडून राहिली.

दिवाळीला छापखाना चार दिवस बंद होता. मी जऊळक्याला गेलो. बायकोने दुसऱ्याच दिवशी विचारलं की पौर्णिमेला किती जमतील. मी आकडा सांगितला, दोनशे अठरा. तीनशेचे दोनशे अठरा कसे झाले तेही सांगितलं, कारण तिला वजाबाकी येत होती. कुपनं मागायला आलेल्या माणसाचा भाग गाळणार होतो. पण उरलेल्या कुपनांचं काय केलं हे तिने विचारलं, आणि सांगावं लागलं.

ती चकलीचं पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.

"काहून नाही देल्ले त्याले?"

"त्याला स्वस्तात पडलं असतं."

"अन् आपल्याले?"

तिने पिठात पाणी घातलं. "श्रावणात मी चार रविवार गाडीच्या टायमाले ठेसनावर जाऊन आली," ती म्हणाली. "तुमी तिथं बसून त्याचे घास मोजून राह्यले होते."

वाशीमला परतल्यावर मी ट्रंकेतली कुपनं काढून जुळाऱ्यापुढे ठेवली. पौर्णिमेला दहाबारा दिवस उरले होते. त्याला तेवढ्या दिवसांत नऊच उपयोगी पडणार होती. त्याने नऊ रुपये मोजून दिले आणि आधी का नाही दिली असं विचारलं नाही. त्याने घासाघीस केली असती तर मला सोपं गेलं असतं. तो संध्याकाळी पाचला माझी कुपनं घेऊन गेला. मी प्रूफ वाचत बसलो आणि ते तीनदा वाचावं लागलं.

दोनशे सत्तावीस झाले. घरमालकाने ऐकून घेतलं, पण पोस्टातला एक कारकून पूर्ण रक्कम घेऊन आला होता. खोली त्याला गेली. मी बायकोला कार्ड लिहिलं. कारण लिहिलं नाही, नुसते आकडे आणि खोली गेल्याचं लिहिलं. तिचं उत्तर आलं की गावात कापसाची वेचणी सुरू आहे, ती जाते आहे, कमी पडलेले ती जमवेल. खोली दुसरी पाहावी, नळ नसला तरी चालेल. आणि रविवारी यावं.

मी शनिवारीच गेलो. रविवारी सकाळी ती शेतात निघाली तेव्हा मीही निघालो. वेचणीची मजुरी वजनावर असते. दुपारी शेतमालकाने काट्यावर दोघांचा कापूस घातला. तिचा माझ्या अडीचपट भरला. काटा बरोबर आहे का, असं मी विचारलं. त्याने पुन्हा तोलून दाखवलं. तेवढाच भरला.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "तुमी प्रूफंच पाहा."