दत्ताची मिठाची रेघ

दत्ताबरोबर मी सहाच महिने पळालो, पण सांगतोय मात्र तेव्हापासून आजपर्यंत. किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. कितीही नीट एकात एक कोंबा, गादीखाली आणखी दोन सापडतातच. माझ्या सांगण्यात अंतरं जरा वाढतात, हे आधीच कबूल करतो. बाकी सगळं खरं.

* * *

दत्ता भाईंदरजवळच्या राई गावचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. माझ्याच ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होता. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला आमच्याकडे मॅरेथॉन जाहीर झाली, भाईंदर स्टेशनपासून उत्तनला जाऊन परत. मी बेचाळीस किलोमीटर सांगतो. बायको म्हणते, निम्मंही नसेल.

दत्ता म्हणाला, "मी पळतोय. तू माझ्याबरोबर."

"मी? मला जिना चढताना धाप लागते."

"म्हणूनच. दुसरा कोणी घेतला तर पुढे निघून जाईल."

* * *

पळायचं कारण होतं. दत्ता ज्या अंध मुलांच्या वसतिगृहात शिकला, तिथे सगळ्या पोरांत मिळून एकच ब्रेल टाइपरायटर होता, आणि त्याची निम्मी बटणं बसलेली. भाईंदर पूर्वेचे कापडवाले शहाशेठ नवीन मशीन द्यायला तयार झाले, पण अट घालून.

"पूरा दौडेगा तो मशीन. बीच में बैठ गया तो चाय पिलाऊंगा, बस."

दत्ता म्हणाला, "शेठ, चाय अभी पिलाओ. बाद में टाइम नहीं मिलेगा."

* * *

दोघांची मनगटं जोडायला दोरी हवी होती. बायकोने परकराची नाडी काढून दिली. पहिल्याच सकाळी राईत दत्ताची आत्या दारात उभी. तिने बघितलं, तर दत्ता ताठ आणि मी कमरेतून वाकलेला, जीभ बाहेर.

"काय रं दत्ता, याला कशाला बांधून आनलास? काय चोरलं काय यानं?"

"न्हाय गो आत्या. पलवतोय त्याला. बसून बसून सुटलाय."

* * *

मी गाइड म्हणून फार इमानदार. "उजवीकडे खड्डा. आता डावीकडे. पुढे मोठा, पाणी भरलेला. त्याच्या पलीकडे दोन."

दत्ता शेवटी वैतागला. "खड्डे राहू दे. मध्ये कुठे रस्ता लागला तर तेवढं सांग."

* * *

सराव राईहून उत्तन आणि परत आत्याच्या दारापर्यंत. येताना वाटेतलं डोंगरी गाव सोडलं की माझे पाय बोलायला लागायचे. मग मी निम्म्या वाटेतच म्हणायचो, "आली राई. संपलं." तीन दिवस खपलं. चौथ्या दिवशी दत्ता म्हणाला, "आत्याच्या कोंबड्या कुठे गेल्या?"

दुसऱ्या दिवसापासून आत्या दारासमोर रस्त्यावर मिठागराच्या जाड्या मिठाची आडवी रेघ ओढायला लागली. दत्ता वाकायचा, बोट टेकवायचा, जिभेला लावायचा. त्याचा बाप मिठागरातलं पाणी असंच चाखून बघायचा. खारट लागलं तरच थांबायचं, नाहीतर पुढे.

मीही काही कमी नव्हतो. एक दिवस घरून खिशात मीठ नेलं आणि डोंगरीजवळच रेघ ओढली. दत्ताने चाखलं. क्षणभर विचार केला.

"हे पुडीतलं आहे. चल."

* * *

शर्यतीच्या दिवशी उत्तनहून परतताना माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी मोरीच्या कट्ट्यावर बसकणच मारली. "दत्ता, माझं संपलं. तुला दुसरा माणूस बघून देतो."

"दुसऱ्याचं खोटं मला ओळखता येणार नाही," तो म्हणाला. "तुझं येतं. ऊठ."

"पाय चालत नाही रे."

"पायाचं मी बघतो. तू तोंड चालव, ते तुला जमतं." आणि तो निघाला. नाडी माझ्या मनगटाला पक्की. उरलेला सगळा रस्ता मी लंगडत खड्डे सांगत गेलो आणि तो मला ओढत गेला.

* * *

स्टेशनसमोर कमान, लाउडस्पीकर, ही गर्दी. शहाशेठ हार घेऊन उभे. आम्ही पांढरी रेघ ओलांडली आणि मी रडायच्या बेतात म्हणालो, "दत्ता, थांब. संपली."

"रोज म्हणतोस."

तो वाकला, रेघेला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि थुंकला. "चुना आहे." आणि निघाला पुढे. त्याच्या मागे फरफटत मी.

लोक ओरडतायत, लाउडस्पीकर ओरडतोय. शहाशेठ हार सांभाळत मागून धावतायत. "अरे भाई, हो गया. मशीन तेरा."

दत्ता पळता पळताच म्हणाला, "शेठ, इसने आप को भी पटाया क्या?"

कमान मागे राहिली, बाजार सुरू झाला. तेवढ्यात गर्दीतून आत्या पुढे घुसली, दत्ताच्या वाटेत उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि रस्त्यावर ओंजळभर मीठ आडवं टाकलं.

"हितं," ती म्हणाली.

दत्ता वाकला. बोट टेकवलं. जिभेला लावलं.

"हां," म्हणाला, आणि माझ्या मनगटावरची नाडी सोडायला लागला.