परत आणून देणारी मारबत

संस्थेने कार्यकर्त्यांसाठी पिवळे ॲप्रन निवडले, कारण पिवळा रंग म्हणे आश्वासक असतो. निवडणारे पुण्याचे होते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाची अक्राळविक्राळ पिवळी मारबत निघते, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत लोक तिला फिरवतात आणि शेवटी जाळतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. संस्थेची कार्यकर्ती प्रेमिला नागपूरजवळच्या उमरेडची; तिला माहीत होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

दोन हजार वीस साली कोरोनामुळे मिरवणुकीला परवानगी नव्हती. वस्तीला मात्र मारबत घरपोच मिळाली. प्रेमिला ॲप्रन घालून, दवाखान्यात न्यायचे रोगी शोधत गल्लीत शिरली की पोरं ओरडायची, "घेऊन जा गे मारबत!", आणि पटापट दारं लागायची. पंधरा वर्षं तिने याच वस्तीत रेशनकार्डं काढून दिली होती, मार खाल्लेल्या बायांसोबत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली होती. ॲप्रनने ते सगळं आठवड्यात पुसलं. वस्तीचा तर्क साधा होता: मारबत नेते ते वापस येत नाही. शिवाय दवाखान्यात किडनी काढतात, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. कुणाची काढली, तेवढं ठाऊक नव्हतं.

रुपराव दोन दिवस खाटेवरून उठला नाही, हे तिला शेजारणीकडून कळलं. त्याची बायको प्रयागबाई दार अडवून उभी राहिली.

"ते बाहेरगावी गेले."

आतून खोकला आला.

"मंग कोण खोकलून राहिलं?"

"बकरी हाय."

"बकरीच्या बोटाले हे मशीन लावू द्या मले," प्रेमिला म्हणाली आणि आत शिरली.

बकरीचा ऑक्सिजन ब्याऐंशी निघाला. आजच्या आज हलवलं नाही तर माणूस हाती लागणार नव्हता. तासभर वाद झाला.

"न्याचं असन तं न्या," प्रयागबाई शेवटी म्हणाली. "पण रोज तोंड दाखवा लागन. जित्तं."

प्रेमिलाने शब्द दिला आणि लगेच पस्तावली. ब्याऐंशीवाल्याचा शब्द डॉक्टरसुद्धा देत नाहीत.

वॉर्डातल्या नर्सला गळ घालून तिने रोज पाचचा व्हिडिओ कॉल ठरवला. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क लावलेला रुपराव दिसला. प्रयागबाईने त्याला नीट बघितलं, मग फोन उलटा करून मागूनही बघितला.

"हे कालचं असन. भरून ठेवलं असन."

तेव्हापासून ती रोज एक प्रश्न विचारायची आणि मास्कमुळे बोलता न येणारा रुपराव बोटांनी उत्तर द्यायचा. बकऱ्या किती? दोन. भाऊ किती? चार. बंद दारांमागे अख्खी गल्ली कान लावून असायची.

चौथ्या दिवशी रुपरावचे डोळे अर्धवट मिटलेले होते.

"आपल्या लग्नाले किती साल झाले?"

बराच वेळ काही हललं नाही. मग दोन पंजे वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. वीस.

यांची थोरली पोरगी चोवीस वर्षांची. तिचा दाखला प्रेमिलानेच काढला होता. संपलं, तिला वाटलं. आता या गल्लीत एक दार उघडायचं नाही.

"सव्वीस झाले," प्रयागबाई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. "हेच हायेत माहे. बरोबर सांगतलं असतं तं म्या मानलंच नसतं."

बाराव्या दिवशी रुपराव प्रेमिलासोबत ऑटोतून उतरला. प्रयागबाईने गल्लीतच त्याचा सदरा वर करून कंबर तपासली. टाके नव्हते. तिने दुसरी बाजूही तपासली. मग समोरच्या दाराकडे तोंड करून ओरडली. तिथे मनकर्णा आठ दिवसांपासून सासऱ्याचा ताप लपवून बसली होती.

"दार उघड वं मनकर्णा! मारबतच हाय ते. पण वापस आणून देते."

दार उघडलं. बोटभर.

"न्या सासऱ्याले," फटीतून आवाज आला, "पण रोजचा प्रश्न मी ठरवीन."