व्याख्यानातला तुरुंग

दोह्यात आठवडा रविवारी सुरू होतो. त्या रविवारी सकाळी नवरा कामावर गेला. दुपारी कंपनीतून फोन आला, की तो गेला.

दिवसकार्य पुण्यात झालं. माझी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी इथेच होती, म्हणून मी दोह्याला परतले. पुढच्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. नवऱ्याचं मंडळात ठरलेलं व्याख्यान त्याच्या स्मरणार्थ आपणच वाचू, असं ते म्हणाले. मला बरं वाटलं. मी कागद दिले.

व्याख्यान फ्रान्सच्या पश्चिमेकडल्या ब्रिटनीच्या एका ड्यूकवर, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यावर होतं, जवळपास सहाशे वर्षांपूर्वीच्या. मला तो माणूस कधीच आवडला नाही. धाकटा मुलगा, तरुणपणी लढाईत चेहरा विद्रूप झाला, शत्रूच्या कैदेत वर्षं काढली. पुढे फ्रान्सचा सेनापती झाला आणि राजाच्या मर्जीतल्या एका माणसाला त्यानं नदीत बुडवून मारवलं. पुतण्यांना मुलगे नव्हते, म्हणून म्हातारपणी ड्यूक झाला. दरबाऱ्यांना सेनापतीचं पद आता कमीपणाचं वाटत होतं. त्यानं ते सोडलं नाही. अशा माणसामागे नवऱ्यानं इतक्या सुट्ट्या घालवल्या, की मी त्या ड्यूकला सवत म्हणायचे. पण कैदेचं प्रकरण नवऱ्यानं किती वेळा खोडून लिहिलं, ते मी पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तो ते मला वाचून दाखवायचा.

कार्यक्रमाचं पोस्टर मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं. ड्यूकच्या डोक्यावर भगवा फेटा होता. मी अध्यक्षांना फोन केला. ते हसले. फेटा मंडळातल्या मुलांनी गंमत म्हणून घातला, म्हणाले. मग सहज सांगितलं, की कैद आणि ते बुडवणं काढून टाकलंय.

"वहिनी, लोक आठवडाभर राबून येतात. त्यांना तुरुंग कशाला ऐकवायचा? थोडा जोश, दोन मिनिटं टाळ्या, खलास."

"मग त्याचं आयुष्य तरी कशाला ऐकवता?"

बघतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी दोह्यातल्या अल गराफा भागातल्या एका व्हिलाचा हॉल भरला होता. दारात रेकॉर्डवर तुतारी वाजत होती. स्मरणसभेला तुतारी. अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली आणि ड्यूक एकेक किल्ला घेत सुटला. कैद नव्हती. चेहऱ्यावरची जखम होती, पण तिची आता शोभा झाली होती. शेवटी कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "आमचा मित्र नेहमी म्हणायचा, हा तिकडचा मराठाच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले.

"तो असं कधी म्हणाला नाही."

माईक अध्यक्षांकडे होता. "वहिनी दुःखात आहेत," ते म्हणाले, "आपण समजून घेऊ." आवाज इतका मऊ होता, की पुढच्या रांगेतल्या दोघींनी माना हलवल्या.

"दुःखात आहे. पण त्याच्या घरात मी राहत होते, तुम्ही नाही. तो ड्यूकला म्हणायचा, पडून परत कामावर गेलेला माणूस. पडल्याचं, कैदेचं तुम्ही काढून टाकलंत."

मी पुढे गेले आणि टेबलावरचे कागद उचलले. अध्यक्षांच्या पत्नीनं माझं मनगट धरलं. चार लोकांत हे शोभतं का, गेलेल्याचा तरी मान ठेवा, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. मी हात सोडवून घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, "ग्रंथालयात शांतता पाळायला सांगते म्हणे ही." दोघंतिघं हसले.

घरी येऊन कागद पाहिले. कैदेच्या पानांवर लाल शाईनं फुल्या मारल्या होत्या. मी ती पानं स्वच्छ लिहून काढली. मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलं होतं.

ड्यूक गादीवर बसतो, तिथपर्यंत नवऱ्यानं लिहिलंय. पुढचं, ड्यूकच्या मरणाचं, लिहिलेलं नाही आणि मी ते लिहिणार नाही. मंडळातलं कोणी माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही.